लिनक्स झटपट सुरू करायचंय? आधी थांबे शोधा

लिनक्स लवकर सुरू व्हावं म्हणून कर्नल नव्याने कंपाइल करायला बसणाऱ्या पुष्कळांचा वेळ कर्नलमध्ये जातच नसतो. तो जातो ग्रबच्या मेनूवर, कधीच पुसून टाकलेल्या स्वॅप पार्टिशनची वाट पाहण्यात, नाहीतर कोणी मागितलेलंच नाही असं नेटवर्क येण्याची खात्री करून घेण्यात. मग रात्रभर कंपाइल करून अर्धा सेकंद वाचतो आणि तीस सेकंदांचं दुखणं होतं तिथेच राहतं.

एसटी उशिरा सुटते ती बहुतेक वेळा इंजिनात दम नाही म्हणून नव्हे. ड्रायव्हर जागेवर बसलेला असतो, इंजिन घरघरत असतं आणि कंडक्टर अजून कंट्रोलरच्या खिडकीपाशी असतो. बूटचंही तसंच आहे. प्रोसेसरला करायचं काम थोडं, एकाने दुसऱ्यासाठी खोळंबून राहणं फार. म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: कोण कोणासाठी थांबलंय ते शोधायचं आणि ते थांबणं टाळता येतं का ते पाहायचं. कर्नलची छाटणी यातच येते, पण तिची पाळी आल्यावर.

उदाहरणं मुख्यतः उबंटू आणि डेबियनची घेतली आहेत. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत टाइप करायच्या.

बूटचे पाच टप्पे

बटण दाबल्यापासून लॉगिनची चौकट दिसेपर्यंत पाच जण एकामागून एक काम करतात. पहिलं फर्मवेअर, म्हणजे यूईएफआय किंवा जुन्या यंत्रातला बायोस. मेमरी आणि जोडलेली उपकरणं तपासून ते पुढच्याच्या हाती यंत्र सोपवतं. दुसरा बूटलोडर, बहुधा ग्रब. तो कर्नलची फाइल डिस्कवरून मेमरीत आणतो. तिसरा कर्नल. तो आधी स्वतःची दाबून बसवलेली फाइल उलगडतो, मग मेमरी, प्रोसेसर, ड्रायव्हर यांची मांडामांड करतो. चौथी इनिटरॅमएफएस. ही मेमरीतच उघडणारी तात्पुरती छोटी फाइलसिस्टिम. तिच्यातले ड्रायव्हर आणि स्क्रिप्ट खरी रूट डिस्क शोधून जोडून देतात. पाचवा सिस्टमडी, जो उरलेल्या सगळ्या सेवा सुरू करतो.

मोजल्याशिवाय हात लावू नका

टर्मिनलवर ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ’ एवढीच कमांड द्या. फर्मवेअर, लोडर, कर्नल आणि यूजरस्पेस (म्हणजे सिस्टमडी आणि सेवा) यांना किती वेळ लागला ते एका ओळीत दिसेल. फर्मवेअर आणि लोडरचे आकडे बहुधा यूईएफआयच्या यंत्रांवरच मिळतात. ते दिसत नसतील तर मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन एकूण वेळ मोजा आणि त्यातून बाकीचं वजा करा. मोजणी एकदाच करून भागत नाही. चार-पाच वेळा बूट करा, आकडे लिहून ठेवा आणि मधला आकडा धरा. अपडेटनंतरचं पहिलं बूट हिशेबात घेऊ नका. त्यात एरवी नसलेली कामं मिसळलेली असू शकतात.

या ओळीतला ‘कर्नल’चा आकडा फसवा असतो. इनिटरॅमएफएसच्या आत सिस्टमडी चालत असेल, जसा तो फेडोराच्या ड्रॅकटमध्ये चालतो, तरच तिचा वेळ ‘इनिटआरडी’ म्हणून वेगळा दाखवला जातो. उबंटू-डेबियनच्या इनिटरॅमएफएस-टूल्समध्ये सिस्टमडी नसतो, त्यामुळे तिचा सगळा वेळ कर्नलच्या नावावर जमा होतो. डिस्कला पासवर्ड असेल आणि तो टाकायला तुम्ही दहा सेकंद घेतले, तर तेही कर्नलच्याच खात्यात. आकडा मोठा दिसला म्हणून लगेच कर्नलला दोष देऊ नका.

पुढच्या दोन कमांड म्हणजे ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम’ आणि ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन’. पहिलीत प्रत्येक सेवेला लागलेला वेळ उतरत्या क्रमाने येतो, आणि बहुतेक लोक तिच्यातल्या वरच्या नावांवर तुटून पडतात. पण सेवा एकाच वेळी, शेजारी-शेजारी सुरू होत असतात. आठ सेकंद घेणाऱ्या सेवेसाठी कोणी थांबलेलंच नसेल, तर ती बंद करून लॉगिन एका क्षणानेही आधी येणार नाही. दुसरी कमांड साखळी दाखवते: शेवटची सेवा कोणासाठी थांबली, ती आणखी कोणासाठी. ‘@’ चिन्हापुढचा आकडा म्हणजे ती सेवा बूटच्या कितव्या सेकंदाला तयार झाली, ‘+’ पुढचा म्हणजे तयार व्हायला तिला किती वेळ लागला. आपल्याला हवी ती ही साखळी.

कर्नलच्या आत डोकावायला ‘डीमेसेज’ आहे. प्रत्येक ओळीच्या आधी कंसात सेकंद असतात. आकडे वाचत जा आणि दोन ओळींमध्ये मोठी उडी कुठे आहे ते पाहा. उडीच्या आधीची ओळ बहुधा गुन्हेगाराचा पत्ता सांगते. मात्र कर्नलचं घड्याळ सुरू होण्याआधीचा, म्हणजे फाइल उलगडण्याचा वेळ यात दिसत नाही. छोट्या बोर्डांवर तो मोजायचा तर सीरियल केबलच्या दुसऱ्या टोकाच्या संगणकावर प्रत्येक ओळीला वेळेचा शिक्का मारावा लागतो. टिम बर्ड यांचं ‘ग्रॅबसीरियल’ हे साधन नेमकं तेच करतं.

वेळेचं अंदाजपत्रक मांडा

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात लिनक्स प्लंबर्स परिषद भरली होती. तिथे इंटेलचे आर्यन व्हॅन डे व्हेन आणि ऑके कॉक यांनी असुसचा ‘ईई पीसी ९०१’ हा चिमुकला नेटबुक पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. अ‍ॅटम प्रोसेसरचं ते बेताचं यंत्र होतं. ‘जमेल तितकं वेगवान करू’ अशा मोघम इराद्याने ते कामाला लागले नाहीत. पाच सेकंद ठरवले आणि वाटून टाकले: कर्नलला एक, सुरुवातीच्या सेवांना एक, एक्स सर्व्हरला एक, डेस्कटॉपला दोन. ज्याने आपला वाटा ओलांडला त्याची चौकशी.

हीच पद्धत घरच्या लॅपटॉपला लावा. आत्ताचे आकडे एका कागदावर लिहा, शेजारी प्रत्येक टप्प्याला किती देणार ते लिहा. जिथे तफावत सर्वांत मोठी तिथून सुरुवात. एका वेळी एकच बदल करा, पुन्हा मोजा, फरक नोंदवा. पाच बदल एकदम केले की कशाने फायदा झाला ते कळत नाही, आणि बिघडलं तर कशाने बिघडलं तेही कळत नाही.

कर्नलला हात लावण्याआधीची वसुली

*फर्मवेअर.* सेटअपमध्ये जाऊन नेटवर्कवरून बूट करण्याचा पर्याय बंद करा, बूटच्या क्रमात तुमची डिस्क पहिली ठेवा, ‘फास्ट बूट’ असेल तर चालू करा. सर्व्हरवर मात्र हा टप्पा कित्येक मिनिटं खातो आणि तिथे सेटअपमधून फारसं हाती लागत नाही. अशा वेळी केएक्सेक उपयोगी पडतं. चालू कर्नलमधून थेट दुसऱ्या कर्नलमध्ये उडी मारायची ही सोय २००५ मध्ये, २.६.१३ या आवृत्तीत आली. ‘सिस्टमसीटीएल केएक्सेक’ वापरलं की रीबूट होतं, पण फर्मवेअरची फेरी टळते.

*ग्रब.* ईटीसीमधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ‘ग्रब’ नावाची फाइल असते. तिच्यात ‘ग्रब_टाइमआउट’ किती आहे ते पाहा. बदल केल्यावर ‘अपडेट-ग्रब’ चालवायला विसरू नका. मागचं बूट नीट पूर्ण झालं नाही असं वाटलं तर उबंटूचं ग्रब ३० सेकंद थांबतं. त्यासाठी ‘ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट’ ही वेगळी ओळ घालावी लागते. कर्नलवर प्रयोग चालू असेपर्यंत मात्र हा मेनू पाच सेकंद तरी दिसू द्या. जुन्या कर्नलकडे परतण्याचा तोच रस्ता आहे.

*हरवलेली डिस्क.* बूट होताना ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ असं म्हणत दीड मिनिट मोजणारी ओळ दिसते का? ईटीसीतल्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये नोंद आहे पण ती डिस्क किंवा ते पार्टिशन आता नाही, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ. सिस्टमडी त्यासाठी ठरलेले ९० सेकंद थांबतो. नोंद काढून टाका. बाहेरची डिस्क असेल तर तिच्या पर्यायांत ‘नोफेल’ लिहा.

*हरवलेलं स्वॅप.* हा उबंटू-डेबियनवरचा छुपा रोग. पार्टिशन नव्याने पाडलं की स्वॅपचा यूयूआयडी बदलतो, पण झोपलेलं यंत्र पुन्हा जागं करायला लागणारा जुना क्रमांक इनिटरॅमएफएसमध्ये तसाच राहतो. मग ती सुमारे ३० सेकंद त्या क्रमांकाची वाट पाहते आणि हा वेळ, वर म्हटल्याप्रमाणे, कर्नलच्या नावावर चढतो. ईटीसीमधल्या ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’ फोल्डरात, ‘कॉन्फ.डी’च्या आत ‘रिझ्यूम’ ही फाइल असते. तिच्यात योग्य क्रमांक लिहा, हायबरनेट वापरतच नसाल तर ‘रिझ्यूम=नन’ लिहा आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा. कर्नल ‘मंद’ असल्याच्या कित्येक तक्रारी एवढ्यावर मिटतात.

*नेटवर्कची वाट.* क्रिटिकल-चेनमध्ये ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’ दिसलं तर विचार करा. घरच्या लॅपटॉपला लॉगिनआधी नेटवर्क लागत नाही, तेव्हा ही सेवा बंद केलेली चालते. ऑफिसातल्या यंत्राचं होम फोल्डर नेटवर्कवरून येत असेल तर तिला हात लावू नका.

आता कर्नल: कोणता ड्रायव्हर खोळंबला?

एवढं करूनही कर्नलचा आकडा जास्त असेल तर पुढे सरका. कर्नलमध्येच बांधलेल्या प्रत्येक ड्रायव्हरची सुरुवात करून देणारं एक फंक्शन असतं, त्याला इनिटकॉल म्हणतात. हे इनिटकॉल ठरलेल्या क्रमाने, एकामागून एक चालतात. प्रोसेसरला आठ कोर असले तरी एक ड्रायव्हर अडला की मागची सगळी रांग अडते.

रांगेत कोण किती वेळ उभं राहिलं ते पाहायला ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा आणि ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘इनिटकॉल_डीबग लॉग_बफ_लेन=१६एम’ जोडा. हा बदल त्या एका बूटपुरताच राहतो. सुरू झाल्यावर डीमेसेजमध्ये प्रत्येक इनिटकॉलचं नाव आणि त्याने घेतलेले मायक्रोसेकंद मिळतात. कर्नलच्या सोर्समधल्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरात ‘बूटग्राफ.पीएल’ आहे; त्याला हा डीमेसेज दिला की सगळ्याचं चित्र काढून मिळतं. दहा हजार मायक्रोसेकंदांच्या, म्हणजे १० मिलिसेकंदांच्या खालच्या नोंदींकडे बघूही नका.

संशयित सापडला की लगेच कंपाइल करायची गरज नाही. ‘इनिटकॉल_ब्लॅकलिस्ट=’ या पॅरामीटरपुढे त्या फंक्शनचं नाव लिहिलं की त्या बूटला ते वगळलं जातं. वेळ वाचला आणि यंत्र व्यवस्थित चाललं, तर तो ड्रायव्हर कर्नलमधून काढायला हरकत नाही. वेळ वाचला नाही, तर तुमचा कंपाइल करण्याचा त्रास वाचला.

ड्रायव्हर हवा आहे पण त्याचं उपकरणच सावकाश जागं होतं, अशीही गाठ पडते. अशा ड्रायव्हरला रांगेतून बाजूला काढता येतं. आर्यन व्हॅन डे व्हेन यांनीच २००९ मध्ये २.६.२९ या आवृत्तीत कर्नलला कामं समांतर करण्याची यंत्रणा दिली. आज ‘ड्रायव्हर_असिंक_प्रोब=’ पुढे ड्रायव्हरचं नाव लिहिलं की त्याची तपासणी वेगळ्या धाग्यावर होते आणि बाकीची रांग पुढे सरकते. रूट डिस्क जोडण्याआधी कर्नल या मागे राहिलेल्यांसाठी थांबतोच, त्यामुळे फायदा मधल्या काळापुरता असतो.

कर्नलचं बोलणं कमी करा

बूट होताना कर्नल शेकडो ओळी छापतो. पडद्यावर छापण्याचा खर्च आता थोडा असतो, सीरियल कन्सोलचा मात्र नाही. हिशेब करून पाहा. १,१५,२०० बॉडच्या सीरियल लाइनवर एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. सत्तर अक्षरांच्या ८०० ओळी झाल्या ५६,००० अक्षरं. ती बाहेर पडायला जवळजवळ पाच सेकंद. केबलच्या पलीकडे वाचणारं कोणी नसलं तरी हा वेळ जातोच.

उपाय एका शब्दाचा आहे: कर्नलच्या ओळीत ‘क्वाएट’ लिहा. त्याने फक्त गंभीर संदेश कन्सोलवर येतात, बाकीचे मेमरीत साठतात आणि डीमेसेजमध्ये पूर्वीसारखेच वाचता येतात. उबंटूच्या डेस्कटॉपवर तो आधीपासून असतो. सर्व्हर, व्हर्च्युअल मशीन आणि छोटे बोर्ड यांवर तपासून घ्या. प्रयोग करताना तो काढून ठेवा, कारण बूट अर्ध्यात अडलं तर शेवटची ओळ दिसली पाहिजे.

दाबून किती बसवायचं?

कर्नलची फाइल आणि इनिटरॅमएफएस दोन्ही कॉम्प्रेस केलेल्या असतात. फाइल लहान असली की डिस्कवरून लवकर वाचली जाते, पण उलगडायला वेळ लागतो. कोणती पद्धत बरी हे डिस्क आणि प्रोसेसर यांच्या वेगावर ठरतं. समजा कार्ड सेकंदाला २० एमबी वाचतं आणि एक्सझेड वापरल्याने फाइल एलझेड४ पेक्षा ३ एमबींनी लहान झाली. वाचण्यात १५० मिलिसेकंद वाचले. एक्सझेड उलगडायला एलझेड४ पेक्षा १५० मिलिसेकंदांहून जास्त लागले की सौदा तोट्याचा. एनव्हीएमई डिस्कवर तर ३ एमबी वाचायला लागणारा वेळ नगण्यच, म्हणून तिथे लवकर उलगडणारी पद्धत जिंकते.

एलझेड४ सर्वांत चटकन उलगडते. कर्नलसाठी ती २०१३ पासून, ३.११ आवृत्तीपासून आहे. झेडस्टँडर्ड आकार आणि वेग यांचा चांगला मेळ घालते. एक्स८६ कर्नलसाठी ती २०२० मध्ये, ५.९ आवृत्तीत आली. उबंटूने १९.१० या आवृत्तीत एलझेड४ स्वीकारली ती बूटच्या वेगासाठीच. कर्नलची पद्धत ‘मेनूकॉन्फिग’मध्ये ‘जनरल सेटअप’खाली बदलते. इनिटरॅमएफएसची बदलायला कंपाइल लागत नाही: ‘इनिटरॅमएफएस.कॉन्फ’ फाइलमधली ‘कॉम्प्रेस=’ ही ओळ बदलून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा.

इनिटरॅमएफएस: आधी बारीक करा, मग हवी का ते ठरवा

त्याच फाइलमध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’ अशी ओळ असते. एकच प्रत जवळपास कुठल्याही यंत्रावर चालावी म्हणून ती ढीगभर ड्रायव्हर बरोबर घेते. ‘मॉड्यूल्स=डेप’ केलं की समोरच्या यंत्राला लागणारेच ड्रायव्हर येतात, फाइल लहान होते आणि वाचणं-उलगडणं दोन्ही लवकर होतं. फेडोरात ड्रॅकट ही निवड आपणहून करतो. किंमत एवढीच की डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तर ती सुरू होईलच असं नाही.

पुढची पायरी म्हणजे इनिटरॅमएफएस पूर्ण काढून टाकणं. पोर्टलंडच्या त्या नेटबुकवर हेच केलं होतं. डिस्कचा कंट्रोलर, म्हणजे एनव्हीएमई किंवा एएचसीआय, एक्सटी४ सारखी रूटची फाइलसिस्टिम, जीपीटी पार्टिशन टेबलची सोय आणि ‘डेव्हटीएमपीएफएस’ आपोआप जोडण्याचा पर्याय, एवढं सगळं मॉड्यूल न ठेवता कर्नलच्या आतच बांधायचं. मग रूट डिस्क शोधायला मध्यस्थ लागत नाही.

इथे हमखास लागणारी ठेच म्हणजे ‘रूट=यूयूआयडी’. फाइलसिस्टिमचा यूयूआयडी ओळखण्याचं काम इनिटरॅमएफएसच्या आतली साधनं करतात. एकट्या कर्नलला ते येत नाही. त्याला पार्टिशन टेबलमधला पार्टयूयूआयडी कळतो. तो ‘बीएलकेआयडी’ या कमांडने शोधा आणि ‘रूट=पार्टयूयूआयडी=’ असं लिहा. हे न केल्यास रूट सापडत नाही म्हणून कर्नल पॅनिक येणार, हे ठरलेलं.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, रूट एलव्हीएमवर असेल किंवा नेटवर्कवरून येत असेल, तर इनिटरॅमएफएस ठेवा. तिथे तिला खरोखरच काम आहे.

स्वतःचा कर्नल बांधताना

‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही सोय स्टीव्हन रोस्टेट यांनी २००९ मध्ये दिली. आत्ता लोड झालेली मॉड्यूल कोणती ते पाहून ती बाकीची सगळी कॉन्फिगमधून वगळते. चालवण्याआधी तुम्ही वापरता ते प्रत्येक उपकरण जोडा: पेनड्राइव्ह, वेबकॅम, प्रिंटर, हेडफोन, मोबाइलवरून येणारं इंटरनेट. जे जोडलेलं नाही त्याचा ड्रायव्हर जाणार.

मात्र तिच्याकडून अपेक्षा योग्य ठेवा. जे मॉड्यूल लोड होतच नव्हतं ते डिस्कवर पडून होतं, बूटला त्याचा काही भार नव्हता. त्यामुळे लोकलमॉडकॉन्फिगने कंपाइलचा वेळ खूप कमी होतो, ‘मोस्ट’ ठेवलेली इनिटरॅमएफएस लहान होते, पण कर्नलचा स्वतःचा वेळ फारसा हलत नाही. तो हलतो दोन गोष्टींनी: कर्नलच्या आत बांधलेलं पण तुम्हाला नको असलेलं काढल्याने, आणि रूटपर्यंत पोचायला लागणारं आत बांधून इनिटरॅमएफएस टाळल्याने. काय काढायचं याची यादी इनिटकॉलच्या मोजणीतून आधीच तुमच्या हातात आलेली आहे.

सुरुवात रिकाम्या कॉन्फिगने नको. ‘बूट’ फोल्डरात चालू कर्नलची कॉन्फिग असते, ती उचला. उबंटू-डेबियनची कॉन्फिग घेतली तर ‘सिस्टम_ट्रस्टेड_कीज’ हा पर्याय रिकामा करा, नाहीतर प्रमाणपत्राची फाइल नाही म्हणून कंपाइल मध्येच थांबेल. डीबगची माहिती बंद केली की वेळ आणि जागा दोन्ही वाचतात. ‘लोकलव्हर्जन’मध्ये स्वतःची खूण घाला, म्हणजे ग्रबमध्ये तुमचा कर्नल ओळखू येईल. ‘मेक बिनडेब-पीकेजी’ने पॅकेज बनवा; नको झालं की नेहमीच्या पॅकेजसारखं काढून टाकता येतं. सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नलवर स्वतःच्या किल्लीने सही करून ती किल्ली यंत्रात नोंदवावी लागते. आणि डिस्ट्रोचा मूळ कर्नल कधीही काढू नका.

छोटे बोर्ड आणि मोटारी

एम्बेडेड यंत्रांवर कर्नलच्या ट्यूनिंगला खरी किंमत येते, कारण तिथे प्रत्येक सेकंदामागे कारण असतं. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे आणि रिव्हर्स सुरू झाल्यापासून दोन सेकंदांत चित्र दिसलं पाहिजे असा नियम आहे. पुण्यात वाहनांच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना असे आकडे तोंडपाठ असतात.

अशा बोर्डांवर तीन गोष्टी आधी पाहा. पहिली यू-बूट या बूटलोडरचा ‘बूटडिले’: विकासाच्या वेळी ठेवलेली काही सेकंदांची वाट विक्रीच्या मालातही तशीच राहून जाते. पुढे जायचं तर यू-बूटचा फाल्कन मोड आहे. त्यात पहिला छोटा लोडर मोठ्या यू-बूटला वगळून थेट कर्नल उचलतो. दुसरी ‘रूटडिले’: कार्ड तयार असो-नसो, ती ठरलेले सेकंद थांबते. त्याऐवजी ‘रूटवेट’ वापरा, जो कार्ड दिसताच पुढे जातो. तिसरी ‘एलपीजे’: काही प्रोसेसरांवर कर्नल दर बूटला विलंबाचं माप नव्याने काढतो. डीमेसेजमध्ये बोगोमिप्सच्या ओळीत तो आकडा असतोच; तो ‘एलपीजे=’ म्हणून दिला की मोजमाप टळतं.

छाटणी किती टोकाला नेता येते ते पाहायचं असेल तर अ‍ॅमेझॉनचं २०१८ मध्ये खुलं झालेलं फायरक्रॅकर पाहा. या हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये सुरू करण्याच्या आज्ञेपासून आतल्या यूजरस्पेसपर्यंत पोचायला १२५ मिलिसेकंदांची मर्यादा आहे. तिथे बायोस नाही, बूटलोडर नाही, मोजकीच उपकरणं आहेत. एक्स८६ वर कर्नलची न दाबलेली फाइल थेट मेमरीत ठेवली जाते. वेग हवा असेल तर सीरियल कन्सोल बंद ठेवायचा आणि जुन्या कीबोर्ड कंट्रोलरची चाचपणी पॅरामीटर देऊन थांबवायची. कर्नलने वेगाने धावावं यासाठी फार काही केलेलं नाही. ज्यांच्यासाठी तो थांबेल अशा गोष्टीच समोर ठेवलेल्या नाहीत.

काय काढू नये

‘मिटिगेशन्स=ऑफ’ हा पॅरामीटर वेगाच्या याद्यांमध्ये हटकून सापडतो. स्पेक्टर, मेल्टडाउनसारख्या प्रोसेसरमधल्या त्रुटींपासूनचं संरक्षण त्याने बंद होतं. बूटच्या वेळेत त्याने लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही, धोका मात्र कायमचा राहतो. फाइलसिस्टिमची तपासणी बंद करण्याचंही तसंच. जर्नल असलेल्या एक्सटी४ वर ती नेहमी क्षणात आटोपते. जेव्हा वेळ घेते तेव्हा तिची खरी गरज असते.

आणि एक घडलेली गोष्ट. २०१९ मध्ये ५.३ ही आवृत्ती तयार होत असताना एक्सटी४ मध्ये एक निर्दोष सुधारणा आली. तिने बूटच्या वेळी डिस्कवरच्या फेऱ्या कमी झाल्या. झालं असं की काही यंत्रं लॉगिनच्या आधीच अडकून पडली. डिस्कच्या प्रत्येक फेरीतून येणारे इंटरप्ट कर्नलला यादृच्छिक आकड्यांसाठी कच्चा माल पुरवत होते. फेऱ्या घटल्या, माल आटला आणि यादृच्छिक आकडे मागणारा लॉगिनचा प्रोग्रॅम वाट पाहत बसला. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ५.३ प्रसिद्ध करताना ती सुधारणा मागे घेतली आणि ५.४ मध्ये कर्नलला असा कच्चा माल गरजेला स्वतः तयार करायला शिकवलं. एखादी गोष्ट काढण्याआधी तिच्यावर आणखी कोण टेकून आहे ते बघायचं, ते एवढ्यासाठी.

कुठे थांबायचं

कामाचा क्रम असा ठेवा: मोजणी, फर्मवेअर आणि ग्रब, हरवलेल्या डिस्क आणि स्वॅप, सेवांची साखळी, कर्नलचं बोलणं, इनिटरॅमएफएसचा आकार आणि कॉम्प्रेशन, मग इनिटकॉल, आणि सर्वांत शेवटी स्वतःचा कर्नल. बहुतेक लॅपटॉपचं काम इनिटरॅमएफएसपर्यंत आटोपतं आणि तोवर एक ओळही कंपाइल करावी लागत नाही.

स्वतःचा कर्नल बांधण्याआधी एक हिशेब जरूर करा. डिस्ट्रोचा कर्नल वापरता तेव्हा सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येतात. स्वतःचा वापरलात की प्रत्येक दुरुस्तीसाठी पुन्हा कंपाइल, पुन्हा सही, पुन्हा चाचणी. लॅपटॉप दिवसातून एकदा सुरू होतो आणि नव्या कर्नलने अर्धा सेकंद वाचतो असं धरलं, तर वर्षाला तीन मिनिटं वाचली. एका कंपाइललाच त्याहून जास्त लागतात. शिकण्यासाठी करायचं असेल तर जरूर करा. कर्नल समजून घेण्याचा इतका चांगला रस्ता दुसरा नाही. तुमचा बोर्ड हजारो गाड्यांमध्ये बसणार असेल, किंवा व्हर्च्युअल मशीन मिनिटाला शंभरदा उभी राहणार असेल, तर करायलाच हवं. घरचा लॅपटॉप लवकर उघडावा एवढीच इच्छा असेल, तर झाकण मिटून त्याला झोपवा आणि आठवड्यातून एकदा अपडेटसाठी रीबूट करा.